कोणतें घड्याळ खरें?

आमच्या वडिलांना जाऊन आतां बरींच वर्षें लोटलीं. पण त्यांचें श्राद्ध आमच्या घराण्यांत आजहि दोन निरनिराळ्या दिवशीं होतें. जळगांवीं आम्ही तें वैशाख वद्य द्वादशीस करतों. धुळ्यास आमचे वडील बंधु त्रयोदशीस करतात. यांत धर्मशास्त्राचा मतभेद नाहीं, आणि भाऊबंदकीहि नाहीं, निदान आरंभीं तरी नव्हती. भेद आहे तो दोन घड्याळांचा. त्या रात्रीं पंचांगाप्रमाणें द्वादशी दोन वाजून दहा मिनिटांनीं संपत होती. अण्णांचा श्वास थांबल्याचें आईच्या लक्षांत आलें तेव्हां माजघरांतील लंबकाच्या घड्याळांत दोन वाजून सहा मिनिटें झालीं होतीं. तें आम्हीं स्वतः पाहिलें. शेजारचे डॉक्टर धांवत आले, त्यांनीं नाडी पाहिली, आणि मनगटावरील घड्याळाकडे बघून कागदावर वेळ लिहिली : दोन वाजून तेरा मिनिटें. दादांनीं तो कागद प्रमाण मानला. आम्हीं अण्णांचें घड्याळ प्रमाण मानलें. दर सोमवारीं अण्णा त्याला स्वतः किल्ली देत आणि आकाशवाणीच्या ठोक्यांवर कांटा जुळवीत. त्या घड्याळावर अविश्वास दाखविणें म्हणजे त्यांच्यावरच दाखविणें, असें त्या वेळीं आम्हांस वाटलें. आईनें दोघांचेंहि ऐकून घेतलें व इतकेंच म्हटलें, “अरे, मी त्यांचा हात धरून बसलें होतें, तरी मला कळलें नाहीं ते केव्हां गेले.” हें तिचें बोलणें तेव्हां आम्हां दोघांसहि उत्तर वाटलें नाहीं.

घरांतील ही गोष्ट वाचकांपुढें ठेवण्याचें कारण एवढेंच कीं, तिच्यामुळें आम्हांस एका प्रश्नाचा छंद लागला. दोन घड्याळें भिन्न वेळ दाखवितात तेव्हां त्यांतलें एक खोटें असलेंच पाहिजे काय? आणि खोटें म्हणावयाचें तें कशाच्या मानानें?

प्रथम आमच्याच पक्षाची झडती घेऊं. लंबकाची दांडी लोखंडी असेल तर उष्णतेनें ती लांबते, आणि लांब लंबक सावकाश हेलकावतो. खानदेशचा वैशाख कसा असतो हें खानदेशाबाहेरच्या वाचकाला सांगून कळणार नाहीं. थंडीच्या दिवसांत बरोबर लावलेलें घड्याळ वीस अंश अधिक उष्म्यांत दिवसाला सुमारें दहा सेकंद मागें पडतें. अण्णांचें दुखणें तीन आठवडे चाललें होतें. त्या अवधींत किल्ली कोणी तरी दिली, पण कांटा कोणींच जुळविला नाहीं. म्हणजे घड्याळ साडेतीन मिनिटें मागें असावें, आणि त्यांत सहा मिनिटें दिसत होतीं तेव्हां साडेनऊ झालेलीं असावींत. द्वादशी टिकली खरी, पण अर्ध्या मिनिटानें! उलट पक्षीं डॉक्टरांनीं लिहिली ती त्यांनीं नाडी पाहिल्याची वेळ, ती थांबल्याची नव्हे. दादांचा पुरावा असा मूळ प्रश्नापासून दोन पावलें दूर पडतो. पण आमचाहि कांहीं फारसा जवळ नाहीं. शिवाय सगळीं पंचांगें द्वादशी त्याच मिनिटाला संपवितात असेंहि नाहीं, हें पंचांग पाहणाऱ्यांना ठाऊकच आहे.

वेळ ही मुळांत गांवागणिक निराळी होती, हें आज आपण विसरलों आहों. सूर्य माथ्यावर येण्याची वेळ मानली तर जळगांव आजच्या प्रमाण वेळेच्या मागें सुमारें अठ्ठावीस मिनिटें आहे आणि धुळें एकतीस. प्राचीन ज्योतिषांची उज्जयिनीवरून जाणारी मध्यरेखा जळगांवच्या इतकी जवळ आहे कीं दोहोंत एका मिनिटाचेंहि अंतर पडत नाहीं. त्या हिशेबानें जळगांवकरांनीं सर्व हिंदुस्थानास वेळ सांगावी! पुढें आगगाडी आली आणि गांवोगांवचे मध्यान्ह निकालांत निघाले. १९०६ सालापासून साडेब्याऐंशी अंशांवरील एक प्रमाण वेळ देशाला लावण्यांत आली तेव्हां मुंबईनें ती सहजासहजीं पत्करली नाहीं. एकोणचाळीस मिनिटांची आपली निराळी मुंबई वेळ तिनें अर्धें शतक जपली. गिरणीकामगाराला अंधारांत घराबाहेर पडावें लागतें ही तक्रार मिनिटांची नव्हती, कोणाच्या सूर्याप्रमाणें कोणीं उठावें याची होती. तरी हा सारा संकेताचा भाग झाला. संकेत सोयीचा कीं गैरसोयीचा एवढाच वाद त्यांत संभवतो, खऱ्याखोट्याचा नव्हे.

खऱ्याखोट्याचा विचार ज्यांनीं केला त्यांतले एक महापुरुष आमच्या जिल्ह्याशीं संबंध असलेले आहेत. चाळीसगांवाजवळ, सातमाळ्याच्या पायथ्याशीं पाटण येथें एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनीं आजोबांच्या ग्रंथांचें अध्ययन चालावें म्हणून तेथें मठ स्थापला व त्यास तेराव्या शतकाच्या आरंभीं देणग्या मिळाल्या, हें त्यावरून कळतें. डॉ. भाऊ दाजी यांनीं एकोणिसाव्या शतकांत तो लेख उजेडांत आणला; त्याचा कांहीं भाग जुन्या मराठींत आहे. भास्कराचार्यांचें स्वतःचें गांव कोणतें हा वाद आम्ही येथें उकरीत नाहीं. खानदेशच्या अभिमानाला नातवाचा मठ पुरेसा आहे. शके १०७२, म्हणजे इ. स. ११५० मध्यें, वयाच्या छत्तिसाव्या वर्षीं रचलेल्या ‘सिद्धान्तशिरोमणी’च्या गोलाध्यायांत, पृथ्वीला आकर्षणशक्ति असून ती जड पदार्थांना आपल्याकडे ओढते, असें त्यांनीं स्पष्ट सांगितलें आहे. यावरून न्यूटनचे सगळे नियम त्यांना अवगत होते असें जे उत्साही लोक म्हणतात ते भास्कराचार्यांचा गौरव करीत नाहींत. त्यांनीं जें म्हटलें तें वाचण्याचा कंटाळा मात्र करतात.

आम्हांस त्याच ग्रंथांतील यंत्राध्याय अधिक मोलाचा वाटतो. त्या काळीं वेळ मोजीत घटिकापात्रानें : तळाला बारीक भोंक असलेलें तांब्याचें भांडें पाण्यावर सोडावयाचें, भरून बुडालें कीं एक घटका, म्हणजे आपलीं चोवीस मिनिटें. ‘घटका भरली’ हा आपल्या भाषेंतला मृत्यूसाठीं योजावयाचा शब्दप्रयोग त्या बुडणाऱ्या भांड्याचा आहे. भांडें किती वजनाचें, किती रुंद, भोंक केवढें, याचे नियम पूर्वीच्यांनीं घालून ठेवलेले होते. भास्कराचार्यांना त्या मापांचें महत्त्व वाटत नाहीं. भांडें कसेंहि असो, एका अहोरात्रांत तें कितीदां बुडतें तें मोजा आणि साठ घटकांना त्या संख्येनें भागा. झालें त्या भांड्याचें माप. या साध्या सांगण्यांत केवढा विचार आहे! भांडें स्वभावतः खरें नसतें कीं खोटें नसतें. तें आकाशाशीं ताडून पाहिलें कीं खरें होतें, आणि कोणाशींच न ताडलें तर कितीहि सुबक असलें तरी मुकें राहतें. अध्यायाच्या ओघांत ते अखेर ‘धीयंत्रा’चें, म्हणजे बुद्धिरूपी यंत्राचेंच माहात्म्य सांगतात, तें काव्यासाठीं नव्हे.

लीलावतीची गोष्ट वाचकांनीं ऐकली असेलच. लग्नघटका मोजणाऱ्या भांड्यांत तिच्या अलंकारांतला मोतीं पडला, भोंक बुजलें, भांडें बुडेना, आणि मुहूर्त कोणाच्या नकळत टळला. ही कथा अकबराच्या दरबारांतील फैजीनें १५८७ सालीं केलेल्या फारसी भाषांतरांत येते. भास्कराचार्यांच्या ग्रंथांत ती नाहीं. पण कथा रचणाऱ्यानें मर्म ओळखलें होतें. पृथ्वीच्या ओढीनें पाणी चढतें आणि भांडें बुडतें. तें थांबलें म्हणून काल थांबला नव्हता. यंत्राची चूक ती हीच : जग पुढें जातें आणि तें जात नाहीं.

परंतु यंत्र चुकलें नसतांहि भेद पडतो, तो प्रसंग १६७२ सालचा. ज्यां रिशे हा फ्रेंच ज्योतिषी विषुववृत्ताजवळच्या केयेन बेटावर पॅरिसहून लंबकाचें घड्याळ घेऊन गेला. तेथें तें रोज सुमारें अडीच मिनिटें मागें पडूं लागलें. सेकंद बरोबर धरण्यासाठीं त्याला लंबक जवळजवळ तीन मिलिमीटर आंखूड करावा लागला. उष्णतेनें झालें असेल, मोजणाराच चुकला असेल, अशा शंका पुष्कळांनीं घेतल्या, आणि वर हिशेब केलाच आहे तेव्हां उष्णतेची शंका अगदींच वावगी होती असें आम्ही म्हणूं शकत नाहीं. पण उष्णतेनें तेवढा फरक पडत नव्हता. रिशेनें दहा महिने तीच गोष्ट पुनःपुन्हां पाहिली आणि जें दिसलें तें लिहिलें. पुढें १६८७ मध्यें न्यूटननें अर्थ लावला कीं पृथ्वीचा मध्यभाग फुगीर आहे, ती फिरते आहे, म्हणून तेथें ओढ कमी आहे. मनुष्यावर आणि त्याच्या घड्याळावर ठेवलेला आरोप शेवटीं पृथ्वीच्या आकाराकडे गेला. आपल्याशीं न जुळणारा माणूस आळशी किंवा खोटा असला पाहिजे, हें ठरविण्याची जी घाई आपण नित्य करतों तिला हें उदाहरण आम्हीं स्वतःपुरतें जपून ठेवलें आहे.

येथपर्यंत मन घाबरत नाहीं. लंबक मागें पडला तरी मागें खरा काल एकसारखा वाहत आहे, लंबक त्याला कमीअधिक पकडतो एवढेंच, अशी आपली समजूत शाबूत राहते. वैशेषिकांनीं काल हें एक, नित्य व सर्वव्यापी द्रव्य मानलें आणि क्षण, दिवस, मास हे भेद सूर्याच्या गतीसारख्या उपाधींमुळें होतात असें म्हटलें. न्यूटनचें मतहि फारसें निराळें नव्हतें. ही समजूत आईन्स्टाइननें मोडली. १९०७ सालीं त्याला जें सुचलें आणि १९१५ मध्यें जें पूर्ण झालें त्याचा आशय असा कीं, गुरुत्वाकर्षणाच्या खोल भागांत असलेलें प्रत्येक घड्याळ, मग तें लंबकाचें असो, अणूचें असो कीं काळजाच्या ठोक्यांचें, वरच्या घड्याळापेक्षां सावकाश चालतें. कारण तेथें कालच सावकाश चालतो.

हें कां मानावें? एक तळांतला मनुष्य वर गच्चीवरच्याकडे प्रकाशाच्या लहरी पाठवितो असें धरा. वर चढतांना प्रकाशाची शक्ति खर्चते, आणि प्रकाशाची शक्ति कमी होणें म्हणजे सेकंदाला येणाऱ्या लहरी कमी होणें. खालीं सेकंदाला जितक्या निघाल्या त्याहून वर थोड्या कमी मोजल्या जातात. पण प्रवाह अखंड चालू असेल तर वाटेंत लहरी हरवत नाहींत व सांचूनहि राहत नाहींत. मग राहिलें एकच : खालचा सेकंद व वरचा सेकंद सारखे नाहींत. १९६० सालीं हार्वर्ड येथें पाउंड आणि रेब्का यांनीं साडेबावीस मीटरांच्या मनोऱ्यांत हा फरक प्रत्यक्ष मोजला. २०१० मध्यें अमेरिकेंतील अणुघड्याळांनीं हातभर, तेहतीस सेंटिमीटर, उंचीचा फरक दाखविला. २०२२ पर्यंत मजल एका मिलिमीटरावर आली.

खानदेशांत याचा हिशेब मांडूं. तापीच्या कांठचें आमचें मैदान समुद्रापासून सुमारें दोनशें ते अडीचशें मीटर उंच. सातपुड्यांतलें तोरणमाळ अकराशेंच्या वर. (१९९८ पर्यंत तें धुळें जिल्ह्यांतच होतें.) आमचें लंबकाचें घड्याळ तोरणमाळास नेलें तर तेथें ओढ कमी म्हणून तें दिवसाला सुमारें दहा सेकंद मागें पडेल. पण तेथला काल, जो अणुघड्याळाला कळतो तो, वर्षाला सेकंदाच्या दहा लक्षांव्या भागाच्या तिपटीइतका पुढें धांवेल. एकाच डोंगरावर एक घड्याळ मंद होतें आणि काल जलद होतो! या दोन गोष्टींची गल्लत शिकलेले लोकहि करतात. लंबकाला ओढ किती आहे याच्याशीं काम. कालाला आपण त्या ओढीच्या विवरांत किती खोल आहों याच्याशीं. पृथ्वीच्या मध्यबिंदूशीं ओढ शून्य, तेथें लंबक हलणारच नाहीं. तरी काल तेथें सर्वांत सावकाश, इतका कीं पृथ्वीचा गाभा तिच्या पृष्ठभागापेक्षां सुमारें अडीच वर्षांनीं लहान आहे असें गणित सांगतें.

तोरणमाळावर ऐंशी वर्षें काढलेला भिल्ल म्हातारा आपल्या मैदानांतल्या जुळ्या भावाहून सेकंदाच्या चार हजाराव्या भागाइतका वडील होईल. पापणी लवण्यास याच्या शेंकडों पट वेळ लागतो. इतक्या क्षुल्लक फरकासाठीं तत्त्वज्ञान कशाला, असें कोणी विचारील. व्यवहारांतलें उत्तर सोपें आहे. केळ्यांची मालमोटार रावेराहून दिल्लीस निघते तेव्हां चालक हातांतल्या यंत्रावर मार्ग पाहतो; तें यंत्र ज्या उपग्रहांवर विसंबतें त्यांचीं घड्याळें उंचीमुळें दिवसाला पंचेचाळीस दशलक्षांश सेकंद पुढें व वेगामुळें सात मागें, एकूण अडतीस पुढें जातात. तेवढ्या वेळांत प्रकाश अकरा किलोमीटरांहून अधिक जातो. म्हणून हा हिशेब आधींच धरून ठेवावा लागतो.

तत्त्वाच्या दृष्टीनें मात्र फरक लहान कीं मोठा हा प्रश्नच नव्हे. सर्वांचा मिळून एक काल आहे कीं नाहीं, हा प्रश्न आहे. आणि नाहीं असें उत्तर आलें कीं तें केसभर फरकानेंहि आलेलें असतें. जें घड्याळ मिलिमीटर ओळखतें त्याला मनुष्याचें डोकें आणि पाय यांचा काल एक नाहीं हेंहि कळतें. जन्मभर उभ्या राहिलेल्या माणसाचें डोकें पायांपेक्षां सेकंदाच्या सुमारें वीस लक्षांव्या भागानें म्हातारें होईल. मग तो मनुष्य कोणत्या क्षणीं मेला म्हणावयाचें, डोक्याच्या कीं पायांच्या?

येथें एक मोह होतो आणि त्याला पुष्कळ लोक बळी पडले आहेत. काल सापेक्ष ठरला, तर सत्यहि सापेक्ष, नीतिहि सापेक्ष. ज्याचें त्याचें घड्याळ ज्याला त्याला खरें. दादांची त्रयोदशी त्यांना, आमची द्वादशी आम्हांस. ऐकावयास गोड आहे, पण खोटें आहे. सापेक्षतावाद सर्व घड्याळांना माफी देत नाहीं. मोतीं अडकलेलें भांडें त्याच्या दृष्टीनेंहि बिघडलेलेंच. निर्दोष घड्याळें भिन्न ठिकाणीं भिन्न चालतात एवढें तो म्हणतो, आणि किती भिन्न तें काटेकोर सांगतो. एकाचा सेकंद दुसऱ्याच्या सेकंदांत मांडण्याचा नियम दोघांनाहि सारखाच बांधतो. मतांच्या सापेक्षतेंत असा नियम कोठें आहे? उलट समुद्रसपाटीवर तर मौजच आहे. विषुववृत्तावरचें घड्याळ पृथ्वीबरोबर वेगानें फिरतें म्हणून मागें पडावें, असें आईन्स्टाइननें १९०५ मध्यें लिहिलें होतें. पण तें मध्यापासून दूर, म्हणजे उंचावरहि आहे, म्हणून पुढें जावें. आणि पृथ्वीचा फुगवटा नेमका असा बेतलेला आहे कीं दोन्ही फरक एकमेकांस फेडून टाकतात. समुद्राच्या पातळीवरचीं सर्व घड्याळें, ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंत, एका चालीनें चालतात. जगाची प्रमाण वेळ शेंकडों अणुघड्याळांच्या सरासरीनें ठरते, आणि १९७७ पासून त्या प्रत्येकाची उंची हिशेबांत घेऊन त्याला समुद्रपातळीवर उतरवून मगच ती काढतात. कोणाचें एकाचें घड्याळ खरें मानून बाकीच्यांना खोटें ठरवीत नाहींत. पण कोणासहि हिशेबावांचून सोडीत नाहींत. भास्कराचार्यांच्या भांड्याची रीत ती हीच.

तेव्हां आमच्या भांडणावर गुरुत्वाकर्षणाचें पांघरूण घालतां येणार नाहीं. चार आणि सात मिनिटांचा फरक आईन्स्टाइननें पाडलेला नाहीं. तो वैशाखानें, दुर्लक्षानें आणि घाबरलेल्या माणसांनीं पाडला. मग आम्ही एवढे या विषयाच्या मागें लागून काय मिळविलें? अमळनेरास श्रीमंत प्रताप शेठ यांनीं १९१६ मध्यें स्थापिलेलें तत्त्वज्ञान मंदिर आहे. त्या गांवावरून जातां येतां आम्हांस योगसूत्रांवरील व्यासभाष्याची आठवण होते. एका परमाणूला आपली जागा सोडून पुढच्या जागेस जावयास जेवढें लागतें तो क्षण. क्षण वस्तुभूत आहे, पण क्षणांची मोळी बांधून आपण ज्याला काल म्हणतों ती बुद्धीची रचना, असें तेथें म्हटलें आहे. यांत सापेक्षतावाद शोधूं नये. तो तेथें नाहीं, जसा तो ब्रह्मलोकीं थोडा वेळ थांबून युगें लोटल्यावर परत आलेल्या रेवतीच्या पित्याच्या कथेंतहि नाहीं. पण त्यांतला एक विवेक आमच्या उपयोगी पडला. घडतें तें एक, आणि त्याची आपण बांधलेली मोळी एक. आम्ही दोघे भाऊ मोळीवरून भांडत होतों आणि त्याला घडलेलें समजत होतों.

आम्हीं गृहीत धरलें होतें कीं अण्णांचें जाणें हा सुईच्या टोंकाएवढा क्षण होता, तो कोठें तरी बिनचूक नोंदलेला आहे, आणि दोन घड्याळांपैकीं एकानें तो पाहिला. आज दहा लक्षांव्या भागांचीं घड्याळें ठाऊक झाल्यावर दिसतें कीं उणीव घड्याळांत नव्हतीच. त्या घटनेला तेवढी धार नव्हती. श्वास मंदावला, लांबला, एक आला, मग येईल येईल वाटलें आणि आला नाहीं. जो श्वास आला नाहीं तो कितव्या मिनिटाला आला नाहीं, हें सांगणारें घड्याळ कोठलें? हात धरून बसलेल्या बाईनें तें पहिल्याच दिवशीं सांगितलें होतें. आम्हीं तिला साक्षीदार म्हणून नापास केलें.

आईनें पुढें एक रीत घातली. तिथि ज्यानें त्यानें आपली पाळावी, मात्र पानाला दोघांनीं दोन्हीकडे बसावें. ती गेली तरी रीत चालू आहे. यंदा द्वादशीस दादा सकाळच्या मोटारीनें धुळ्याहून आले. माजघरांत शिरतांच त्यांनीं संवयीनें घड्याळाकडे पाहिलें, मग आपल्या मनगटाकडे. “किती मागें आहे रे?” त्यांनीं विचारलें. आम्हीं सांगितलें, “दीड मिनिट असेल, दादा. कालपासून उन्ह फार आहे.” त्यांनीं कांट्याला हात लावला नाहीं. गुरुजी आले होते. आम्ही दोघे हातपाय धुवून पाटांवर बसलों. दुसऱ्या दिवशीं पहाटे एरंडोल-पारोळ्यावरून आम्ही त्यांच्याबरोबर धुळ्यास गेलों.